अळशीच्या तेलाची ताडपत्री (मेणकापड) वाळतच नाही! गोव्यात कुणी केली आहे का?

कुळागरकार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही चौघे मित्र, सगळे फोंडा-डिचोलीकडचे. वर्षातून एक-दोन रात्री जुन्या पद्धतीने बाहेर राहायचं हा आमचा छंद. नायलॉन नाही, झिप नाही, गॅस नाही, विजेरी नाही. चकमक, पितळेचं तपेलं, घोंगडी, सुंभ एवढ्यावर भागवायचं. काळ धरतो तो नव्या काबिजादीचा, म्हणजे पोर्तुगीजांनी गोव्याचे नंतरचे तालुके घेतले तेव्हाचा. फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि पेडणे १७८८ मध्ये. या मधल्या वर्षांत जी वस्तू नव्हती ती घरी ठेवायची. चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांना सूट. वयं झाली आता.

अडचण डोक्यावरच्या छपराची. इंग्लंड-अमेरिकेत अठराव्या शतकाचा छंद करणारे लोक तंबू न नेता एकच तेल पाजलेलं कापड नेतात. रात्री ते दोन झाडांत बांधायचं, दिवसा त्यातच अंथरूण गुंडाळायचं, पाऊस आला की अंगावर घ्यायचं. ल्युईस आणि क्लार्क यांच्या १८०३ च्या तयारीतही फिलाडेल्फियात लिननचे तंबू शिवून त्यांना तेल पाजलं होतं. म्हटलं, आपणही करून बघू.

तर जुलैत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाड मांजरपाट आणला. दोन पन्हे जोडून सात फूट बाय नऊ फूट चादर शिवली. रंगाच्या दुकानातून 'डबल बॉइल्ड' अळशीचं तेल घेतलं, त्यात काव (तांबडी माती) कालवली आणि ब्रशने सढळ हाताने फासली. पडवीत टांगली.

आज ऑक्टोबर संपत आला. चादर अजून बोटाला चिकटते. खालच्या कडेला काळे ठिपके आलेत. वास असा की बायको म्हणते, एक तर ही पडवीत राहील नाही तर मी. ठिपके वाढतायत, त्यामुळे माझी बाजू लंगडी आहे.

कुणी आपल्या हवेत हे केलं आहे का? खोबरेल किंवा दुसरं काही चालेल का? आणि ही चादर वाचवता येईल की विहिरीच्या पंपावर झाकण म्हणून टाकू?

म्हापशेकर

निळं प्लास्टिक घ्या. तीनशे रुपयांत घराचं अर्धं छप्पर झाकतं. आमच्या वाड्यावर मे महिन्यात प्रत्येक जण तेच करतो.

कुळागरकार

म्हापशेकर, ते घरावर आहेच हो. छंदाला तीनशे रुपयांत सोडवायचं असतं तर छंद कशाला म्हटलं असतं?

सुगरणबाय

आमच्याकडे मेणकापड म्हणजे बाळाच्या खाली घालायचं तांबडं रबराचं. शीर्षक वाचून वाटलं घरी पाळणा हलला! बसतेय धाग्यावर.

अळशीवाली

रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क आहे.

कुळागरकार, तुम्ही सगळं बरोबर केलंत, फक्त महिना चुकला. ओलं धोतर वाळतं ते त्यातलं पाणी उडून जातं म्हणून. अळशीच्या तेलातून काहीच उडत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाची चिवट साय होते. म्हणून वाळलेल्या कापडाचं वजन उलट किंचित वाढतं. या कामाला ऊन हवं, वारा हवा आणि थर पातळ हवा. जुलैत आपल्याकडे हवेत ८५-९० टक्के दमटपणा, ऊन पाहुण्यासारखं, आणि तुम्ही फासलंत सढळ हाताने. वर साय धरली, खालचं तेल कोंडलं. ते दिवाळीपर्यंत काय, शिगम्यापर्यंत तसंच राहील.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. अळशीचं तेल तिला खाद्य आहे. तुम्ही तिला पावसाळाभर पंगतीला बसवलंत.

खोबरेल चालेल का, तर अजिबात नाही. तेल वाळेल की नाही हे त्याच्या आयोडीन अंकावरून कळतं, अंक जास्त तर तेल वाळणारं. अळशीचा साधारण १७० ते २००, खोबरेलाचा १० च्या आसपास. खोबरेल लावलेलं कापड तुमच्या नातवंडांच्या लग्नातही तेलकटच असेल. करंजेल, उंडेल यांचे अंक मधले. घट्ट होतील, चिकट होतील, पण कोरडी साय धरणार नाहीत.

दुसरी शंका तेलाची. 'डबल बॉइल्ड' म्हणजे नुसतं दोनदा उकळलेलं नसतं, त्यात वाळण लवकर यावी म्हणून कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार घातलेले असतात. सुट्या तेलात भेसळही पुष्कळ. घेण्याआधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब बोटाने पसरून उन्हात ठेवा. दोन दिवसांत नखाने सोलली जाईल अशी साय आली तर तेल खरं. आणि आरोग्यासाठी प्यायचं अळशीचं तेल वापरू नका, त्यात हे क्षार नसतात, वाळायला आठवडेच्या आठवडे लागतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाही. तेल पुसलेल्या चिंध्यांचं काय केलंत? प्राणवायू ओढताना हे तेल तापतं. पसरलेल्या कापडातून ती उष्णता निघून जाते, पण बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्यांत ती साठत जाते आणि चिंधी काडी न लावता पेटते. आमच्या प्रयोगशाळेत अशा चिंध्यांना पाण्याने भरलेला झाकणाचा डबा होता. घरी पाण्यात बुडवा, नाहीतर एकेक सुटी पसरून उन्हात कडक होऊ द्या, मग टाका.

कुळागरकार

ताई, हात जोडतो. चिंध्यांचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पडवीच्या कोपऱ्यात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पिशवी कोमट लागली, मला वाटलं उन्हाने. जुलैत कसलं ऊन! आता वाचून घाम फुटला. हा भाग बायकोला दाखवणार नाही.

अळशीवाली

दाखवा. आधी तिला दाखवा.

इतिहासवेडा

धागा सुरेख आहे, पण एक शंका. नव्या काबिजादीच्या काळातला सत्तरीचा माणूस अळशीच्या तेलाची चादर घेऊन रानात जाईल का?

ही तेल पाजलेली चादर मुळात जहाजावरची. इंग्रजीतला टार्पोलिन हा शब्दच टार म्हणजे डांबर आणि अंगावरचं आच्छादन यांतून आलेला, आणि इंग्रज खलाशांना 'टार' म्हणत ते त्यांच्या डांबरी कपड्यांवरून. तिकडे लिनन मुबलक. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, आणि तेल त्याच झाडाच्या बियांचं. एकाच झाडाचं कापड आणि त्यालाच त्याचं तेल! आपल्याकडे जवस पिकतो तो विदर्भ-मराठवाड्यात, तोही बियांसाठी. गोव्याच्या लाल मातीत तो कोण लावणार?

इथल्या माणसाकडे पावसाचे स्वतःचे उपाय होते. घोंगडीची खोळ, लोकर पाणी पिते पण अंगाला ऊब सोडत नाही. शेतात वाकून काम करणाऱ्याला इरलं, बांबूच्या कामट्यांत पानं भरलेलं. भिंतींना आणि खोपीला मोल्लां, म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं. सैन्याची तर गोष्टच वेगळी. पाऊस लागला की छावणी करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं. भर पावसात कापडाखाली झोपायची वेळ शक्यतो येऊच द्यायची नाही, हीच मुळात युक्ती.

अळशीवाली ताईंच्या चिंध्यांवरून चिपळूणजवळच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आठवलं. त्यात बजावलं आहे की कुणी स्वयंपाक करील, कुणी आगटी करील, कुणी दिवा तसाच जळता ठेवील, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. मग घोड्यांना खायला राहणार नाही. तळावर आग कुठून लागेल याचा इतका बारीक विचार. त्यात तुमची पिशवी शोभली असती.

पण म्हणून तुमचा बेत चुकीचा ठरत नाही. मेण लावलेलं कापड इकडे नवीन नव्हतं. फारसीत मोमजामा, मोम म्हणजे मेण. पोर्तुगीजांत एन्सेरादु, सेरा म्हणजे मेण. मराठीत मेणकापड. तिन्ही भाषांनी मेणावरूनच नाव ठेवलं आहे. तुमच्यातला एक जण बंदरावरचा खलाशी झाला तर चादर खपून जाईल. बाकीच्या तिघांनी कांबळी घ्यावी.

ढवळ्या

इतिहासवेडा +१. आणि ताडपत्री शब्दाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? ताडाचं पान म्हणत आपण प्लास्टिक पांघरतो.

नाखवा

मी कुठ्ठाळीचा. आमच्या आज्याच्या वेळी लाकडी होडीला माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल लावत. टरफलाचं तेल वाळून काळं कुळकुळीत कातडं धरतं, वाळवी शिवत नाही, खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. अळशी गोव्यात पिकत नसेल, काजू तर पिकतो ना? मग तेच लावा की कापडाला!

पण थांबा. हे तेल अंगाला लागलं तर भाजतं. काजू भाजणाऱ्या बायांचे हात बघा. होडीच्या बुडाला ठीक आहे, अंगाखाली घ्यायच्या चादरीला नको रे बाबा. माशाच्या तेलाबद्दल काही बोलत नाही. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) कोल्हे असतील तर सगळे तुझ्याकडेच येतील.

रानवाटा

तांत्रिक चर्चेत दोन गोष्टी घालतो.

एक, जागा. म्हादई, नेत्रावळी, मोलें, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत; वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे मुक्काम नाही, आणि आगटी तर विसराच. कुणाचं तरी कुळागर किंवा स्वतःची जमीन बघा.

दोन, गोचीड. ताई म्हणतात ऊन बघून करा, म्हणजे तुमचा मुक्काम जानेवारीच्या पुढे सरकणार. तोच माकडतापाचा काळ. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीच्या चावण्याने होतो. पाचोळ्यावर चादर टाकून लोळायचं आणि उठल्यावर अंग न तपासता घरी जायचं, असं करू नका. पायघोळ कपडे, गोचीड दूर ठेवणारं तेल अंगाला, आणि माकडं मेलेली दिसली तर त्या भागात पाऊलही नको, आरोग्य केंद्राला कळवा. इथे १७८० साल बाजूला ठेवा.

कुळागरकार

रानवाटा, हे डोक्यातच नव्हतं. जागा ठरली, मामाचं सावईचं कुळागर. पाचोळा झाडून घेऊ.

इतिहासवेडा, तुमचं पटलं. खलाशी मी होतो. बाकी तिघांना कांबळी शोधायला सांगितली. एकाने लगेच विचारलं की ऑनलाइन मिळेल का.

ताई, जुन्या चादरीचं काय करू? सोड्याच्या पाण्याने धुऊ?

अळशीवाली

सोडा नको, साबणही नको! तेल आणि सोडा एकत्र आले की साबण होतो, सगळं कापडावरून निघून येईल. ठिपके माडाच्या शिर्क्यात फडकं बुडवून पुसा, आणि थंडीच्या दिवसांत रोज उन्हात टाका. वाचली तर वाचली. तिला जमिनीवर अंथरायला ठेवा, छपराला नवीन करा.

नवीन करताना काव आधी उन्हात कोरडी करून वस्त्रगाळ करा. ती लोखंडाचीच माती, तिकडचे लोकही चादरीला तांबडा-तपकिरी रंग देत तो याच जातीचा. देवळांच्या भिंतींवर कावी चितारली जाते तीच ही. रंगाने ऊन अडतं आणि साय जास्त टिकते. थोडं झिंक ऑक्साइड घाला, बुरशीला आवडत नाही. ते तुमच्या काळात बसत नसेल तर बायकोला खुश ठेवण्याच्या खात्यात टाका.

पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, नुसता कापडात मुरेल इतका. तो पूर्ण कोरडा झाल्याशिवाय दुसरा नाही. दुसरा ब्रशने नको, चिंधीने घासून. चादर घडी घालून ठेवू नका, घडीवर चिरते. वेळूवर गुंडाळा, मध्ये शंखजिरं भुरभुरा. आणि आगटीपासून लांब, ही तेलात भिजलेली वातच आहे हे लक्षात ठेवा.

सुगरणबाय

वाखूसा (वाचनखूण साठवली). उपयोग काहीच नाही, पण वाखूसा.

कुळागरकार

मंडळी, धागा वर काढतोय. फेब्रुवारी संपला, वृत्तांत देणं लागतो.

नवीन चादर जानेवारीत केली. काचेची परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या दुकानातल्या तेलाचा थेंब चार दिवसांनीही ओलाच. म्हणजे महिना एकट्याने चुकला नव्हता. दुसरीकडून आणलं, दोन दिवसांत साय. खळ्यात दोन माडांना दोर बांधून चादर ताणली. पहिल्या हाताला पाच दिवस लागले, दुसऱ्याला आठ. नंतर तीन आठवडे नुसती वाऱ्यावर. कोरं कापड १ किलो १०० ग्रॅम होतं, आता २ किलो ९०० ग्रॅम आहे. कंदील धरून बघितलं तर आरपार एकही भोक नाही. चिंध्या बादलीत बुडवल्या, त्याचा फोटो बायकोनेच काढला.

कोपऱ्यांना लोखंडी कड्या लावल्या नाहीत. काज शिवायचे होते पण पहिल्याच काजाला सुई मोडली. वाळलेलं तेल म्हणजे चामडंच. हे तेल पाजायच्या आधी करायचं काम होतं. मग जुनी युक्ती केली. कापडात आतून काजूची बी ठेवायची आणि बाहेरून सुंभाने गळा आवळायचा. रात्रभर एकही बी सुटली नाही.

सावईला दोन माडींच्या (पोफळींच्या) मध्ये आडवा दोर बांधून एकपाखी छप्पर केलं. मागची कड जमिनीला, पुढची बाजू उघडी. जुनी चिकट चादर खाली अंथरली. तिच्यावर सकाळपर्यंत अर्ध्या कुळागराचा पाचोळा चिकटला होता, पण गोचीड एकही नाही, चौघांनी एकमेकांची पाठ तपासली. जेवण नाचण्याची भाकरी आणि सुक्या सुंगटांची किसमूर. झोप साडेनऊला.

फेब्रुवारीत पाऊस कुठला, म्हणून चादरीची परीक्षा राहूनच जाणार असं धरून चाललो होतो. पहाटे चारला वर धो धो आवाज. मी उठून बघतो तर आकाशात चांदण्या आणि पाणी तिरकं येतंय. मामाने पंप सोडला होता. स्प्रिंकलरचं एक तोंड आमच्यापासून पाच पावलांवर, फिरून फिरून आमच्याच छपरावर. आम्ही आत आहोत हे मामाला संध्याकाळी सांगितलं होतं. तो म्हणतो, तुम्हीच म्हणालात ना पाऊस हवा होता.

दोन तास पाणी खाल्लं चादरीने. कापडातून एक थेंब आला नाही. गळली ती मधल्या शिवणीतून, जिथे दोन पन्हे जोडले तिथे, एका रांगेत टप टप माझ्या कानावर. शिवणीला आता गरम मेण चोळलं आहे. आतल्या बाजूला मात्र आमच्याच श्वासाचं पाणी जमलं होतं, तेही टपकलं. पुढची बाजू उघडी नसती तर आतले आम्हीही भिजलो असतो. कांबळीवाल्यांपैकी दोघे बाहेर आगटीजवळ झोपले होते. ते भिजले, पण कुडकुडले नाहीत. इतिहासवेडा, हा गुण तुमचा.

नाखवा

मामाक सांग, म्हणावं पुढच्या वर्षी कुठ्ठाळीला ये. भरतीच्या वेळी होडी धुवायला माणूस पाहिजे.

अळशीवाली

शिवणीला आत पट्टी लावून परत एक हात द्या. आणि एप्रिलच्या आत, मेमध्ये वळवाची वाट बघत बसू नका.

म्हापशेकर

बरं, सात बाय नऊला तेल किती लागलं? विचारून ठेवतो. घेणार निळं प्लास्टिकच.

कुळागरकार

म्हापशेकर, दोन हातांना मिळून दीड लिटरच्या आतबाहेर, काव वेगळी. शुक्रवारी बाजारात या, मांजरपाट कुठल्या दुकानातून घ्यायचा ते दाखवतो.